माया ठेवून कापणं

माळव्यातल्या राजेंद्र नगरात शालिनी टोकेकरांकडे ब्लाउज शिवायला टाकायचा म्हणजे आधी मन घट्ट करावं लागे. हात सोन्याचा, वायदा कधी चुकायचा नाही, उरलेली चिंधीसुद्धा पुडीत बांधून परत मिळायची. पण माप घेता घेता बाई जे बोलत ते ऐकून घेण्याची तयारी हवी. "हा गळा तुम्हाला शोभायचा नाही, साधा गोल शिवते." "रंग दुकानदारानं गळ्यात मारला आणि तुम्ही मारून घेतलात." एकदा एका नव्या सुनेच्या सासूला बाईंनी समोरच सांगितलं, "ताई, पोरीला पोटभर वाढत जा. लग्नातल्या ब्लाउजात आता दोन पोरी मावतील." सासू पाय आपटत गेली. पुढच्या सणाला तीच सासू नवं कापड घेऊन दारात उभी, आणि म्हणे सूनही जरा भरली होती. नावातच टोक आहे तर बाई टोचणारच, असं म्हणून कॉलनीनं त्यांना कधीचं माफ करून टाकलं होतं.

या बोलण्यामागे एक जुनी गोष्ट होती. शालिनीचा नवरा अरविंद कापडाच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा तो पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसला तो उठेचना. रोज कुणी ना कुणी येऊन त्याला सांगायचं, धीर धर, भोंगा पुन्हा वाजणार आहे. मित्र सांगायचे, थोरला भाऊ सांगायचा, आणि चहा पिऊन आपापल्या कामाला निघून जायचे. अरविंद वाट बघत राहायचा. शेवटी एके दिवशी शालिनी त्याच्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "गिरणी सुरू होणार नाही. उठा आणि हुक लावायला शिका." तो तिच्याकडे बघत राहिला, लहान मुलासारखा रडला, आणि उठला. मरेपर्यंत त्यानं बायकांच्या ब्लाउजांना हुक लावले आणि काजं केली, आणि त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. गोड बोलणाऱ्यांनी आपल्या माणसाचे दिवस खाल्ले, हे मात्र शालिनी विसरली नाही. भीड ही भिकेची बहीण, असं तिची आई म्हणायची. शालिनीनं ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

तिचं बोलणं तसंच तिचं कापणं. खडूची रेघ एकदा ओढायची, नीट न्याहाळायची, मग कात्री लावायची ती या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता. शिकायला येणाऱ्या मुलींना ती बजावायची, "मध्ये थांबलात की कापडाला दात पडतात. भीती वाटत असेल तर कात्री उचलूच नका." पण लगेच दुसरं सांगायची तेही तितक्याच जोरात, "आणि रेघेवर कापायचं नाही! बाहेर दोन बोटं माया ठेवायची." माया म्हणजे शिवणीच्या आत दडवलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं, दिवस गेले, वय वाढलं, की शिवण उसवायची आणि ती माया मोकळी करायची. वरून दिसत नाही, पण आहे म्हणून कपडा टिकतो. शालिनीच्या शिवणीत माया कायम असायची, बोलण्यातही असावी. पण ती आतल्या बाजूला, आणि आत बघायची सवड कुणाला असते?

प्रमोदिनीला होती. प्रमोदिनी दोन गल्ल्या सोडून राहायची, प्राथमिक शाळेत शिकवायची, नवरा रेल्वेत. शालिनी जितकी तिखट तितकी ही लोण्याची. भाजीवाल्याला नाही म्हणताना हिला घाम फुटायचा. दोघींचं पटायचं कसं, याचं अख्ख्या कॉलनीला कोडं होतं. एक 'शालू', दुसरी 'पमा'. दर बुधवारी दोघी खजरान्याला गणपतीला जायच्या. पमा देवाकडे मागायची आणि शालिनी बाहेर हारवाल्याशी भांडायची. पमाचा मुलगा अंकुर शाळेत असताना एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "शालूमावशी एकदम रोकटोक बोलते!" पमातली मास्तरीण जागी झाली. "रोखठोक रे, रोखठोक. रोकटोक म्हणजे हिंदीत अडवणं." त्यावर शालिनी म्हणाली, "राहू दे. पोरगं दोन्ही बाजूंनी बरोबर आहे."

आणि ते खरंच होतं. नवी नवी लग्नं झालेली असताना चौघं मिळून महूवरून पातालपानीचा धबधबा बघायला गेले होते. तिथं माळवा एकदम संपतो. सपाट जमीन चालत चालत येते आणि अचानक तुटते, खाली निमाडच्या बाजूची दरी. पमाला हात पुढे करून तुषार झेलायचे होते. नवरे लोक शेंगा सोलत बसलेले. पमाच्या पायाखालचा ओला खडक निसरडा झालाय हे शालिनीनं पाहिलं आणि ती अशी काही ओरडली की माकडंसुद्धा पळाली, "मागे हो, मूर्ख बाई! मरशील!" पमा दचकून मागे बसली. घरी येईपर्यंत रुसून बसली होती, सगळ्यांदेखत मूर्ख म्हणाली म्हणून. मग रात्रीच्या जेवणाला आपणच भाकरी-पिठलं घेऊन आली आणि म्हणाली, "शालू, तू ओरडत जा. तू ओरडलीस की मला कळतं, मामला सीरियस आहे."

हे वाक्य शालिनीनं तेव्हा हसण्यावारी नेलं. नंतर तेच तिला रोज आठवणार होतं.

शालिनीला एक मुलगी, अनुश्री. ती लहानपणी आईच्या मशीनखाली चिंध्यांत खेळत वाढली. दहावीच्या सुट्टीत तिनं आईला न सांगता एक ब्लाउज शिवला, आईच्या मापाचा, आणि वाढदिवसाला तिच्या हातात ठेवला. घरात गिऱ्हाइकं बसलेली होती. शालिनीनं ब्लाउज उलटा केला, शिवण पाहिली आणि म्हणाली, "उसव. तुझ्या हातात शिवण नाही. तू पुस्तकं धर आणि इथून बाहेर पड." आतल्या बाजूला जी माया होती ती अशी, की या पोरीनं माझ्यासारखी पाठ वाकवून आयुष्य काढू नये. पण ते तिनं सांगितलं नाही, आणि पोरीनं जे ऐकलं तेवढंच ऐकलं. अनुश्रीनं पुस्तकं धरली ती अशी धरली की आधी पुण्याला गेली, मग थेट जर्मनीला. तिथं ती जुन्या भाषा शिकते, ग्रीक आणि संस्कृत शेजारी ठेवून बघते, असं शालिनी लोकांना सांगायची. फोन यायचा रविवारी. तब्येत, हवामान, जेवण. त्यापलीकडे दोघींचं बोलणं जात नसे.

एका रविवारी मात्र अनुश्री फोनवर निराळीच होती. "आई, सुन ना. तुझ्यासाठी एक शब्द सापडलाय मला. अपोतोमोस."

"हे काय, औषध आहे का?"

"जुना ग्रीक शब्द. 'अपो' म्हणजे पासून, वेगळं. पुढचा भाग 'कापणे' या क्रियापदातला. कापून वेगळं केल्यासारखं. आधी डोंगराच्या कड्यासाठी वापरायचे, सरळ खाली तुटलेला असतो ना, तसा कडा. मग तोच शब्द माणसाच्या बोलण्याला लावायला लागले. अपोतोमोस बोलणं. तोडून बोलणं."

शालिनीला खरं तर आवडलं ते. आपण मशीनवर बसून जे करतो आणि तोंडानं जे करतो, त्या दोन्हीला इतक्या लांबच्या, इतक्या जुन्या माणसांनी एकच शब्द दिला होता. "म्हणजे आपलं एक घाव दोन तुकडे," ती म्हणाली.

"हो. पण आई, तुकडे दोन झाले ना, त्यातला एक मी होते." अनुश्रीचा आवाज हलला. मग तो ब्लाउज निघाला. बसलेली गिऱ्हाइकं निघाली, त्यांचं हसणं निघालं. इतक्या वर्षांचं सगळं. शेवटी ती म्हणाली, "तुला माहीत नाही, तू किती लोकांना कापून टाकलंस. थोडं नरम नाही बोलता येत तुला? एकदा तरी?"

शालिनीनं फोन ठेवला आणि तशीच मशीनसमोर बसून राहिली. तिला बाजू मांडता आली असती. मांडली नाही. मुलगी इतकी लांब का गेली याचं उत्तर तिला आजवर नोकरी, शिक्षण, जमाना असं काहीबाही मिळत होतं. आता खरं उत्तर मिळालं होतं, आणि ते तिच्याच तोंडातून निघालेलं होतं. तिनं ठरवलं, यापुढे कुणाला तोडून बोलायचं नाही. आणि शालिनीनं ठरवलं म्हणजे ठरवलं, त्यातही ती मध्ये थांबणारी नव्हती.

पुढचे काही महिने राजेंद्र नगरची मोठी पंचाईत झाली. टोकेकर बाई गोड बोलू लागल्या! कुणी भडक जांभळं कापड आणलं तर "छान आहे हो, उठून दिसेल." कुणी खोल गळा मागितला तर "हौस आहे, करा." बायका घाबरल्याच. एकीनं हळूच विचारलं, "काकू, तबियत तो ठीक आहे ना तुमची?" दुसरीला वाटलं, शिलाई वाढवायची असेल. पमा तर पोट धरून हसायची. "शालू, ये क्या नवीन चालू केलंस? तुझ्या तोंडात साखर बघितली की मला मुंग्या लागतील असं वाटतं." शालिनी कारण सांगायची नाही. रविवारी अनुश्रीशी बोलणं मात्र वाढलं होतं. एकदा तर पोरगी हसली. त्या हसण्यापायी शालिनी जन्मभर साखर चावायला तयार होती.

त्याच वर्षी अंकुरचं लग्न ठरलं. पमाचा नवरा दोन वर्षांपूर्वीच गेला होता, त्यामुळे सगळं तिच्याच अंगावर. तिनं लग्नासाठी कैरीच्या रंगाची माहेश्वरी घेतली आणि ब्लाउज शिवायला, अर्थातच, शालूकडे आली. बडबड चालूच होती, हलवाई, मांडव, महूच्या विहीणबाईंचे नखरे. शालिनी टेप घेऊन मागून पुढे, पुढून मागे फिरत होती. मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडतात तिथलं, माप घेताना तिचा हात पमाच्या डाव्या काखेखाली गेला आणि तिथं थांबला.

जन्मभर कापडावर फिरलेल्या बोटांना गाठ ओळखावी लागत नाही. हरभऱ्याएवढी, टणक, जागची न हलणारी. शालिनीची थोरली जाऊ अशाच गाठीनं गेली होती, आणि तिची शुश्रूषा शालिनीनंच केली होती. तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं, सगळंच्या सगळं: पमा, ही गाठ आहे. लग्न गेलं खड्ड्यात, उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात चल.

पण समोर पमा हसत होती. घरी लग्न होतं. आणि डोळ्यांपुढे अनुश्रीचा चेहरा होता, थोडं नरम नाही बोलता येत तुला? शालिनीनं आयुष्यात पहिल्यांदा कात्री मध्येच थांबवली.

"पमा, इथं जरासं काहीतरी लागतंय गं."

"काय लागतंय?"

"काही नसेलच. वयानं होतं असं. कधी सवड झाली की जरा दाखवून घे हो."

"दाखवते," पमा म्हणाली, आणि पुन्हा विहीणबाईंवर गेली.

लग्न झालं. कैरी रंगात पमा अशी दिसत होती की नवरीपेक्षा लोक तिच्याकडे बघत होते. पाहुणे गेल्यावर शालिनीनं विचारलं, "दाखवलंस का?" पमा म्हणाली, "दाखवते गं, सत्यनारायण होऊ दे." मग नवं जोडपं फिरायला गेलं, घरात कुणीतरी हवं म्हणून राहिलं. मग संक्रांत आली. शालिनी दर वेळी विचारायची, दर वेळी मऊ आवाजात, आणि पमा दर वेळी पुढचा सण सांगायची. रात्री पाठ टेकली की शालिनीला आपली जाऊ आठवायची. उद्या ओरडते, उद्या हात धरून नेते, असं ती ठरवायची; आणि सकाळी वाटायचं, आपण म्हणतोय ते खरं कशावरून? उगाच कशाला एखाद्याचं सुख कापा. भीड अशीच येते. एकदा उंबरठ्याच्या आत घेतली की ती घरची होऊन बसते.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला पमाकडे आंब्याची डाळ होती, पन्हं होतं. पमा सगळ्यांना उजव्या हातानं वाढत होती आणि डावा हात अंगाशी धरून होती. उंचावरची परात काढायला तिनं सुनेला हाक मारली. शालिनीच्या हातातलं पन्हं सांडलं. भरल्या घरात, सगळ्या बायकांदेखत, ती ओरडली, "चप्पल घाल! आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल!" पमा दचकली, आणि निमूट उठली. ओरडलेलं तिला नेहमीच कळायचं.

पण पाय केव्हाच निसटला होता. डॉक्टरबाईंनी अंकुरला आत बोलावलं आणि बराच वेळ बाहेर सोडलं नाही. हाडांत उतरलं होतं. लग्नाच्या आधी आला असतात तर, असं काहीतरी त्या म्हणाल्या, आणि अंकुरनं ते बाहेर येऊन जसंच्या तसं सांगितलं. त्याला काय ठाऊक, शेजारी उभ्या असलेल्या बाईला ते वाक्य कुठं लागलं.

औषधं झाली, केस गेले, पमा अर्धी झाली. शालिनी रोज दुपारी जाऊन बसायची. एकदा न राहवून तिनं पमाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मला त्या दिवशीच कळलं होतं गं. माप घेताना."

पमा हसली, तिचं नेहमीचं लोण्याचं हसणं. "हां, ते 'सवड झाली की'. अगं, मला वाटलं, शालू इतकं मिठं बोलतेय म्हणजे काहीच नसणार. काही असतं तर तू बोंब मारली असतीस ना. पातालपानीला मारली होतीस तशी."

तिनं हे दोष द्यायला म्हटलं नव्हतं. पमाला दोष द्यायला आलंच नाही कधी. पण शालिनीला वाटलं, हिनं माझ्या मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं. गोड बोलून केसानं गळा कापणं म्हणतात, ते तिनं आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकलं होतं. आज तिला आपलेच हात दिसत होते. घरी येऊन तिनं मशीनवर कापड टाकलं आणि कित्येक दिवस त्याला हात लावला नाही.

रविवारी अनुश्रीचा फोन आला. शालिनीनं हवामान सांगितलं नाही. सगळं सांगितलं, गाठ, लग्न, 'वयानं होतं', पन्हं, पमाचं हसणं. अनुश्री रडत म्हणाली, "आई, मी तुला तो शब्द अर्धाच सांगितला होता."

"म्हणजे?"

"जिथं मला तो सापडला, त्या मजकुरात पुढं कारण दिलंय. या लोकांना तोडून सांग म्हटलंय, ते कशासाठी, तर ते बरे व्हावेत म्हणून. तिथं जो शब्द आहे तो तब्येतीचाच आहे, निरोगी असण्याचा. मी ते वाचलं होतं, आई. तुला सांगितलं नाही. तुझ्यावर चिडले होते, म्हणून जेवढं हवं तेवढंच कापून घेतलं."

शालिनीनं डोळे मिटले. क्षणभर तिला म्हणावंसं वाटलं, असू दे बाळा, तुझी काय चूक. पण त्या साखरेची तिला आता शिसारी आली होती. "हे तेव्हाच सांगायला हवं होतंस," ती म्हणाली.

"हो," अनुश्री म्हणाली. "हवं होतं."

"आणि मलाही तो ब्लाउज उसवायला सांगताना पुढचं सांगायला हवं होतं. तुझी पाठ माझ्यासारखी वाकू नये, एवढंच होतं माझ्या मनात. शिवण तशी वाईट नव्हती." फोनवर मग दोघी रडल्या. एवढं एक त्या वर्षात बरं झालं. पण त्याची किंमत पमानं मोजली, हे दोघींनाही कळत होतं.

श्रावण लागता लागता डॉक्टरांनी पमाला घरी न्यायला सांगितलं. घरी नेणं याचा अर्थ सगळ्यांना कळला होता आणि सगळे मिळून तो पमापासून लपवत होते. सून म्हणायची, आई, दिवाळीला आपण ओंकारेश्वरला जाऊ. शेजारपाजार म्हणायचं, चेहऱ्यावर तेज आलंय हो. अंकुरनं शालिनीला दारातच अडवलं. "मावशी, प्लीज. मम्मीला काही बोलू नका हं. तुमची सवय मला माहीत आहे. खुश ठेवायचं आहे तिला, बस."

शालिनीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती आत गेली. तो पोरगा वाईट नव्हता. अरविंदच्या खुर्चीभोवती बसणारे तरी कुठं वाईट होते?

पमा खिडकीशी उशांना टेकून बसली होती. तिनं दार लावून घ्यायला खुणावलं. "शालू, टेप आणलीस का?"

"टेप माझ्या गळ्यातच असते."

"माझं माप घे."

शालिनीनं तिला आधार देऊन सरळ बसवलं आणि टेप छातीभोवती घेतली. टेप फिरतच राहिली. कुठल्या आकड्यावर थांबली ते तिनं पाहिलं. तिचा हात त्याच जागी होता, डाव्या काखेखाली. तेव्हा पमा तिच्या कानाशी, हळू आवाजात म्हणाली, "सगळे मला मिठं मिठं बोलतायत. अंकुर, सूनबाई, डॉक्टरसुद्धा. मला कुणी काही सांगतच नाही गं. तू तरी तोडून सांग. मी जाणार ना?"

बाहेर अंकुरची पावलं वाजत होती. शालिनीला ठाऊक होतं, एक गोड शब्द बोललो तर सगळं घर आपल्यावर खूश होईल. त्या घरात पुन्हा उजळ माथ्यानं येता येईल. तिनं टेप सोडली नाही. पमाच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "हो."

"लवकर?"

"लवकर. श्रावण संपायच्या आत."

पमानं डोळे मिटले. तिच्या गालांवरून पाणी ओघळलं आणि शालिनीनं ते पुसलं नाही, वाहू दिलं. थोड्या वेळानं पमानं मोठा श्वास सोडला, आणि उशीवर जड झालेलं तिचं अंग सैलावलं. "हुश्श," ती म्हणाली. "किती दिवस मी त्यांच्यासाठी नाटक करत होते. दिवाळीचे बेत ऐकून हो हो म्हणत होते. थकले गं." मग तिनं कपाटाकडे बोट दाखवलं. "ती कैरी माहेश्वरी. मला तीच नेसवा. पण तो ब्लाउज आता मला लोंबतो. लोक बघायला येतील आणि म्हणतील, शालूनं शिवलेला आणि असा ढगळ? फालतूत तुझी बदनामी. नवा शिव. मापाचा."

"शिवते."

"आणि अंकुरला आत पाठव. आता मला त्याच्याशी खरं बोलता येईल."

अंकुर आत गेला. दार लागलं. शालिनी ओट्यावर उभी राहिली. आतून आधी अंकुरचा मोठा आवाज आला, मग रडणं, मग दोघांचं हळू हळू बोलणं, जे थांबेचना. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. शालिनीला वाटलं, हा आता दोन शब्द सुनावणार, आणि तिनं मान खाली घातली. त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला आणि पुन्हा आत गेला.

ती निघणार तेवढ्यात खिडकीतून पमाची हाक आली. आवाज थकलेला, पण चेष्टेचा. "शालू! आत माया ठेवू नको हं. आता मी काही भरणार नाही."

घरी येऊन शालिनीनं कैरी रंगाचं सुती कापड काढलं, पाटावर पसरलं, हातानं सारखं केलं. खडूनं रेघ ओढली. इतकी आखूड रेघ तिनं लहान मुलींच्या परकर-पोलक्यांसाठीच ओढली होती. तिनं कात्री लावली आणि ती अर्ध्यात थांबली, कारण समोरचं काही दिसत नव्हतं. पदरानं डोळे पुसून तिनं पुन्हा कात्री धरली. मग पमानं नको म्हटलं होतं तरी, रेघेच्या बाहेर दोन बोटं माया ठेवून, शेवटपर्यंत कापलं.